गोळ्यांच्या डबीतला घेवडा

नेड्रा हॅगरला पैसे नको होते असं मी म्हटलं, तर आमच्या खोऱ्यातली माणसं तोंडावर हसतील. पैसे कुणाला नको असतात? तिचं छप्पर दोन ठिकाणी गळायचं, आणि खाली ठेवलेल्या पातेल्यांत पडणारं पाणी मला फोनवर ऐकू यायचं. पण पैशांच्या आधी तिला एक गोष्ट हवी होती, आणि ती तिने सहा वर्षं त्याच शब्दांत सांगितली. गोळीच्या कंपनीच्या मालकाला आपल्या काउंटीच्या कोर्टात, साक्षीदाराच्या त्या कुरकुरणाऱ्या लाकडी खुर्चीत बसवायचं, आणि ज्युरीतल्या, आपल्यातल्याच बारा जणांसमोर विचारायचं, "या गोळीचं व्यसन लागतं हे तुला कधी कळलं?" बस. एक प्रश्न. उत्तर काहीही येवो, ते त्याच्या तोंडून यायला हवं होतं.

मी ट्वायला कँट्रेल. एकतीस वर्षं शाळेची बस चालवतेय. नेड्राचं घर ओढ्याच्या पलीकडे, माझं अलीकडे, मध्ये लाकडी पूल. माझा नवरा तिचा चुलतभाऊ. माझ्या जिभेला हाड नाही असं तो मरेपर्यंत सांगत होता, आणि ते काही खोटं नव्हतं. आम्हा दोघींत बोलायचं काम माझं आणि करायचं काम तिचं, अशी वाटणी शाळेपासूनचीच.

जॅरड तिचा एकुलता एक. खाणीच्या छताला टेकू देणारे लांब लोखंडी खिळे ठोकायचं काम तो करायचा. एके दिवशी छताच्या पत्र्याएवढा दगड त्याच्या पाठीवर आला. दवाखान्यातल्या डॉक्टरने निळ्या गोळ्या दिल्या. त्या गोळीचं नाव मी इथे लिहिणार नाही, त्याची जाहिरात पुष्कळ झाली आहे. कंपनीच्या माणसाने डॉक्टरला सांगितलं होतं की हिचं व्यसन लागत नाही, डॉक्टरने तेच जॅरडला सांगितलं, आणि जॅरडने आईला. तीन वर्षांनी मार्च महिन्यात तो आईच्या कोचावर झोपला तो उठलाच नाही. एकतीस वर्षांचा होता. दीड वर्षाने त्याच गोळीने माझी लेक शॉना गेली. तिची मुलगी इंडी माझ्याकडे असते. याच्यापुढे मला बोलायला लावू नका.

खटला आधी नेड्राने घातला. वकील डेल टॅकेट, गालिच्याच्या दुकानावर ऑफिस, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली. पण माणूस चिवट. सहा वर्षं तो कंपनीच्या वकिलांशी भांडला आणि शेवटी तारीख मिळाली. सप्टेंबरातला सोमवार. मालकाला हजर राहायचा हुकूम निघाला होता. नेड्राने निळा पोशाख शिवून घेतला आणि नवे पांढरे बूट आणले. ते बूट ती आठवडाभर घरात घालून फिरत होती, कोर्टात करकर वाजू नयेत म्हणून.

शुक्रवारी दुपारी टॅकेटचा फोन आला. लगेच या, म्हणाला.

"मिसेस हॅगर," तो म्हणाला. "कंपनीने काल रात्री दिवाळं जाहीर केलं. न्यूयॉर्ककडच्या कोर्टात. आपला खटला थांबला."

"थांबला म्हणजे? सोमवारचा मंगळवार झाला?" मी विचारलं.

"सगळे थांबले, ट्वायला. देशातले हजारो. दिवाळ्याचा अर्ज पडला की कंपनीवर कुणी हात टाकायचा नाही, असा कायदाच आहे. आता सगळ्यांनी त्या एका कोर्टात रांगेत उभं राहायचं."

"मालकाचं दिवाळं निघालंय का?" नेड्राने विचारलं. ती तिथे पहिल्यांदाच बोलली.

"नाही. मालक धडधाकट आहेत. बरीच वर्षं ते कंपनीतून पैसा काढून नेत होते. दिवाळं फक्त कंपनीचं."

"मग मालकाला बोलवा."

टॅकेटने चष्मा काढून पुसला. "त्यांचं म्हणणं असं आहे, की आम्ही आमच्या खिशातून काही रक्कम घालतो, पण त्याच्या बदल्यात आमच्यावरचे खटलेही कायमचे बंद करा. आत्ताही आणि पुढेही. तोवर त्यांच्यावरचे खटलेही थांबवलेत."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या भावाचं दिवाळं निघालं होतं ना, तेव्हा त्याचा ट्रक भर दुपारी चर्चसमोरून ओढून नेला. त्यानंतर दोन वर्षं तो चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा. आमच्याकडे दिवाळं निघालं की माणूस मान खाली घालतो. या लोकांनी दिवाळं छत्रीसारखं उघडलं आणि तिच्याखाली कोरडे ठणठणीत उभे राहिले! मी टॅकेटला जे जे बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. खालचा गालिचेवाला जिना चढून वर आला, सगळं ठीक आहे ना बघायला.

नेड्रा तेवढ्यात एवढंच म्हणाली, "म्हणजे तो त्या खुर्चीत बसणारच नाही?"

"एक वाट आहे," टॅकेट म्हणाला. "या सौद्यावर ज्यांचं माणूस गेलं त्यांचं मत घेतलं जाईल. पुष्कळ जणांनी 'नाही' म्हटलं तर सौदा मोडू शकतो. मग मालकांना खुर्चीत बसावं लागेल. पण मत द्यायचं तर आधी दाव्याचा अर्ज भरावा लागेल. तीस जूनला संध्याकाळी पाचपर्यंत. आणि पुरावा हवा, की जॅरडला हीच गोळी डॉक्टरने लिहून दिली होती."

पुरावा! डॉक्टर तुरुंगात, त्याची कागदपत्रं कुणी नेली देव जाणे. औषधाचं दुकान बंद पडलेलं, आणि त्याच्या तळघरातली खोकी पुरात सडून गेलेली. माझं सोपं होतं. शॉनाला गोळी मोठ्या हॉस्पिटलात मिळाली होती आणि ते कागद मी बुटांच्या खोक्यात ठेवले होते. जॅरडचं काहीच नव्हतं.

"गोळ्यांची डबी चालेल," टॅकेट म्हणाला. "दुकानदार डबीवर चिठ्ठी चिकटवतो ना, नाव, औषध, डॉक्टर, नंबर, ती शाबूत असली पाहिजे. एक डबी असेलच की घरात?"

नेड्राचा चेहरा पांढराफटक पडला. का ते मला तिथल्या तिथे कळलं.

आमच्या खोऱ्यात घेवड्याचं बी विकत आणत नाहीत. प्रत्येक घराचा आपला घेवडा असतो, आजीच्या आजीपासून चालत आलेला, आणि नेड्राच्या माहेरच्या तुळतुळीत शेंगेच्या घेवड्याला तर तीन खोऱ्यांत तोड नव्हती. आणि बी कशात ठेवायचं, तर गोळ्यांच्या नारिंगी डब्यांत. झाकण घट्ट बसतं, भुंगा शिरत नाही, उजेड लागत नाही. आमच्याकडे डबी फेकणाऱ्या बाईला लोक उधळी म्हणतात. दर एप्रिलमध्ये नेड्रा घरोघर डब्या पोचवायची. घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. बियाण्याचे आभार मानले तर ते उगवत नाही, असं आमच्यात मानतात. डबी घ्यायची, हवापाण्याचं बोलायचं, झालं.

जॅरड गेला तेव्हा त्याच्या खोलीत डब्यांचं पोतं निघालं. नेड्राने त्या सगळ्या व्हिनेगरच्या गरम पाण्यात रात्रभर भिजत घातल्या, नखाने एकेक चिठ्ठी सोलून काढली, आणि चुलीत टाकली. पोराचं नाव त्या गोळीच्या नावाशेजारी लोकांच्या घरात जाऊन बसू नये म्हणून. लाज तिला वाटली. गोळी विकणाऱ्याला वाटली नाही.

"मी स्वतःच्या हाताने धुतल्या गं," गाडीत ती म्हणाली. "एकेक."

"एखादी राहिली असेल," मी म्हणाले.

"मी काम अर्धवट ठेवते का कधी?"

ठेवत नाही, तीच तर पंचाईत होती. तरी आम्ही शोधायला निघालो. हिवाळाभर शनिवार-रविवार माझी खटारा गाडी घेऊन फिरलो. कुणाला कोणत्या वर्षी कोणतं बी दिलं ते तिच्या डोक्यात पक्कं होतं. दारात उभं राहायचं आणि विचारायचं, "तुमच्याकडची घेवड्याची डबी जरा बघू?" काही जणांना वाटलं ही दिलेलं बी परत मागायला आली. लव्हॅडा स्टाफर्डने तर दार उघडायच्या आधीच ओरडून सांगितलं, "घेवडा कोंबड्यांनी खाल्ला, माझा काही दोष नाही!" मी म्हटलं, "बये, घेवडा नको, डबी दे." तिने अकरा डब्या आणून ओट्यावर ओतल्या. अकराच्या अकरा चकचकीत. नेड्राने एकेक उजेडाकडे धरून बघितली आणि परत रांगेत लावून ठेवली.

प्रत्येक घरात हेच. आणि प्रत्येक घरात कॉफी, मक्याचा पाव, आणि मग हळू आवाजात त्यांचंही कुणीतरी. मुलगा, जावई, बहीण. डब्या शोधता शोधता आमच्याकडे खोऱ्यातल्या सगळ्या मेलेल्यांची यादी झाली. मी प्रत्येक दारात छाती ठोकून सांगायचे, "अर्ज भरा! आणि मत आलं की 'नाही' लिहा. मी तर 'नाही'च लिहिणार, काळ्या शाईने, एवढं मोठं!" लोक माना डोलवायचे. नेड्रा डब्या बघत असायची.

जून उजाडला. एकोणीस घरं झाली होती. राहिलं होतं एक, ऑर्व्हल काकांचं. चौऱ्याऐंशी वर्षांचे, खाणीच्या धुळीने छाती भरलेली, आणि एप्रिलपासून हॉस्पिटलात. घराला कुलूप. नेड्रा रोज फोन करून विचारायची, काका कधी येणार. तीस जूनला, मंगळवारी दुपारी दीड वाजता, काकांच्या पुतण्याने त्यांना घरी आणून सोडलं. दोन वाजता आम्ही दारात.

"डबी?" काका नाकातली प्राणवायूची नळी सावरत म्हणाले. "तू स्वतः मला कधी दिलंस बी? मला तर जॅरडने आणून दिलं होतं."

नेड्राने दाराची चौकट धरली.

"कधी, काका?"

"माझे पाय चालत होते तेव्हा. तो जाण्याच्या आदल्या वसंतात. फ्रीझरमध्ये आहे बघ, मटाराच्या मागे. मी पेरलंच नाही ते. वाकता येतंय कुठे मला?"

मटाराच्या मागे होती. बर्फाने पांढरी झालेली नारिंगी डबी. तिच्याभोवती रुंद चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेलं: "ऑर्व्हल काकांसाठी. दाट पेरू नका." अक्षर जॅरडचं. नेड्रा ते वाचत राहिली. पट्टीच्या कडेखाली छापील कागदाची पांढरी किनार दिसत होती. पोराने धुवायचा आळस केला होता. देवा, त्या आळसाचं भलं होवो!

आता पट्टी काढायची. ओढली तर छपाई पट्टीसोबत निघून येणार. बसच्या काचेवरचे कागद मी केस वाळवायच्या यंत्राने काढते, ते मला ठाऊक होतं, पण काकांच्या डोक्यावर केस असते तर घरात ते यंत्र असतं. शेवटी किटली ठेवली. नेड्राने डबी वाफेवर धरली, बोटं लालबुंद झाली तरी हलली नाही, आणि मी सुरीच्या टोकाने पट्टी कणाकणाने उचलत गेले. 

"हळू," नेड्रा म्हणाली.

"हळूच करतेय!"

"अजून हळू."

"तूच कर ना मग!"

"पोरींनो, भांडू नका," काका खुर्चीतून म्हणाले. दोघींची वयं मिळून एकशे तेहेतीस.

आधी 'हॅगर' दिसलं. मग 'जॅरड एल.' मग गोळीचं नाव, शेवटचं अक्षर पट्टीला चिकटून गेलं पण बाकी स्वच्छ. डॉक्टरचं नाव. नंबर. एकशेऐंशी गोळ्या. तारीख एकोणीस एप्रिल.

"याच महिन्यात त्याने माझ्या परसाला कुंपण घातलं होतं," नेड्रा म्हणाली. "चांगला होता तेव्हा." मग तिने ती पट्टी, जॅरडच्या अक्षराची, पर्स उघडून आतल्या अस्तराला चिकटवली, आणि वरून तीनदा अंगठा फिरवला. घड्याळात साडेतीन झाले होते.

टॅकेटच्या ऑफिसपर्यंत पाऊण तासाचा घाट. मी गाडी अशी हाणली की बसमधली पोरं बघती तर टाळ्या वाजवती. सव्वाचारला आम्ही रेल्वेच्या फाटकाशी पोचलो. ऑफिस पलीकडे थोड्याच अंतरावर, आणि फाटकावर कोळशाची मालगाडी उभी. चालत नव्हती, नुसती उभी. डावीकडे डबे, उजवीकडे डबे, शेवट दिसत नाही. आमच्याकडच्या मालगाड्या अशाच. कधी पाच मिनिटं, कधी दोन तास, विचारायचं कुणाला? दुसरा रस्ता डोंगराला वळसा घालून, पन्नास मिनिटांचा. टॅकेटचा फोन लागेना. दरीत सिग्नलच नव्हता.

चार पंचवीस. चार तीस. मी हॉर्न वाजवला, जसा काही इंजिनवाल्याला मैलावर ऐकू जाणार होता.

नेड्राने दार उघडलं.

"कुठे चाललीस?"

"पलीकडे."

"वेड लागलंय का तुला? नेड्रा! ती हलली तर चिरडशील!"

एकतीस वर्षं मी पोरांना एकच गोष्ट घोकून पाठ करायला लावली. उभ्या गाडीच्या मधून जायचं नाही. कधीच नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत सदुसष्ट वर्षांची बाई, पर्स गळ्यात अडकवून, कोर्टासाठी घेतलेले ते पांढरे बूट घालून, दोन डब्यांमधल्या जोडावर चढली. मी गाडीतून उतरून किंचाळत होते. काय किंचाळत होते ते आठवत नाही. तिचा एक पाय घसरला, तिने लोखंडी शिडी पकडली, आणि ती पलीकडे दिसेनाशी झाली. मी खाली वाकले. डब्यांच्या खालून मला पलीकडची खडी दिसली, आणि खडीवरून लगबगीने जाणारे दोन पांढरे बूट. मी तिथेच रस्त्यावर बसले. गाडीला हिसका बसून डबे खडखडले तेव्हा ते बूट दूर गेले होते, आणि मी लहान पोरासारखी रडत होते.

टॅकेटने अर्ज पाठवला तेव्हा चार वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती. डबीचे फोटो चारही बाजूंनी जोडले. मी पोचले तेव्हा नेड्रा खुर्चीत बसली होती, हाताला कोळशाचं काळं, बुटांना ग्रीस. "पोचलं," ती म्हणाली. त्या दिवशी आम्ही परतताना आईस्क्रीम खाल्लं. मला वाटलं, जिंकलो आम्ही.

मतपत्रिका आली पुढच्या वर्षी, सप्टेंबरात. सौद्याची माहिती दीडशे पानं. मत द्यायला दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'. मी टॅकेटला फोन केला. त्याने खरं ते सांगितलं. "'हो' जिंकलं तर कुटुंबांना थोडं मिळेल, हप्त्याहप्त्याने, आणि मालक कायमचे सुटतील. 'नाही' जिंकलं तर खटले पुन्हा उभे राहतील. आठ वर्षं, दहा वर्षं. कदाचित शेवटी काहीच हाती नाही."

दहा वर्षांनी मी सत्त्याहत्तरची. इंडी तेव्हा बारा वर्षांची होती. तिला दम्याचा त्रास, आणि माझ्या नोकरीसोबत तिच्या औषधाचा विमा होता. पुढच्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत मी नापास होणार हे मला आणि बसच्या समोरच्या काचेला माहीत होतं. मी स्वयंपाकघरात बसले. मालकाचा सगळा उद्धार केला, मोठ्याने, एकटीने. मग पेन उचललं आणि 'हो'च्या चौकोनात खूण केली. काळ्या शाईनेच. एवढी मोठी नाही, बारीकशी.

आमचं पोस्ट बारालाच बंद होतं, आणि मी तेव्हा बसवर. दर वेळी माझं टपाल नेड्रा नेते. सकाळी पुलावर मी तिला चिकटवलेलं पाकीट दिलं. तिच्या दुसऱ्या हातात तिचं होतं. "दोन्ही टाकते," ती म्हणाली आणि चालू लागली. तीन मैल. आदल्या दिवशीच्या पावसाने ओढा काठोकाठ चढला होता.

निकाल लागला. शंभरातल्या पंच्याण्णवांनी 'हो' म्हटलं होतं. ज्या ज्या दारात मी छाती ठोकली होती, तिथून तिथून 'हो' गेलं असणार, आणि मी कुणाला तोंड वर करून विचारणार होते? मालक सुटला. त्या लाकडी खुर्चीत तो कधीच बसणार नाही, हे आता सही-शिक्क्यानिशी ठरलं. नेड्राला पत्र आलं, त्यात जॅरडच्या नावाच्या जागी आठ आकडी नंबर होता. तिने पत्र नीट घडी करून फ्रीजवर ठेवलं. मी तावातावाने म्हणाले, "लोक मेले विकले गेले!" नेड्रा म्हणाली, "लोकांनाही पोरं आहेत, ट्वायला." आणि भांडी घासू लागली.

त्या एप्रिलमध्ये तिने मला बियाणं दिलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. म्हातारी झाली, विसरली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. परसातले वाफे तसेच उघडे राहिले.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे सगळं खोरं कबरस्तानात जमतं. दगड घासायचे, गवत उपटायचं, फुलं ठेवायची, आणि मग झाडाखाली लांब टेबलं मांडून जेवायचं. नेड्रा गुडघ्यांवर बसून जॅरडचा दगड घासत होती. मी बादली घेऊन उभी. आठ महिने मी जे दडवून ठेवलं होतं ते तिथे बाहेर पडलं.

"नेड्रा, मी 'हो' लिहिलं होतं."

तिचा ब्रश थांबला नाही. "माहीत आहे."

"कुणी सांगितलं? टॅकेटने?"

"तूच. पुलावर पाकीट दिलंस आणि तुझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. शाळेपासून ओळखते मी तुला. त्या दिवशी तू मालकाला एक शिवी घातली नाहीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आणि तरी टाकलंस पेटीत?"

"तू बसवर गेलीस, मी पुलावर थांबले होते," ती म्हणाली. "बराच वेळ. ओढा भरून चालला होता. म्हटलं, हातातून पडू दे. ओलं झालं, वाहून गेलं, कुणाला कळणार होतं?" तिने जॅरडच्या नावातल्या अक्षरांमधलं शेवाळ बोटाने काढलं. "पण माझ्या वतीने सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं ना गं. मला विचारल्याशिवाय. तेच मी तुझ्याशी करायचं? टाकलं पेटीत. आधी तुझं, मग माझं."

"रागावली नाहीस?"

"रागावले की! सप्टेंबरपासून रागावलेय." तिने पहिल्यांदा वर बघितलं. "घेवडा आला का तुला या वर्षी?"

मी मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातात बादली होती, पुसणार कशाने?

नेड्रा दगडाला धरून उठली. पर्समधून तिने मुरंब्याची छोटी काचेची बरणी काढली. डब्यांत बी ठेवणं तिने सोडलं होतं. बरणी माझ्या हातात दिली. आत तिच्या माहेरचं बी, तपकिरी, तुळतुळीत.

"उशीर झालाय," ती म्हणाली. "पण जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतं. दाट पेरू नकोस."

मी तोंड उघडलं.

"गप," ती म्हणाली. "आभार मानलेस तर उगवायचं नाही."

मी तोंड मिटलं. तिने दुसरा ब्रश माझ्या हातात दिला, बादली उचलली, आणि आम्ही शॉनाच्या दगडाकडे गेलो.